किमतीआधी तीन दोष

"काका, मोजा घाला," टॅड म्हणाला. "गिऱ्हाईक येतंय."

व्हर्लिन स्टॅम्परने डाव्या हातात मोजा चढवला. मोज्याच्या तर्जनीत आणि मधल्या बोटात बंदुकीच्या नळ्या पुसायच्या चिंध्या ठासून भरल्या होत्या, कारण तिथे भरायला व्हर्लिनकडे स्वतःचं असं काही उरलेलं नव्हतं. लोक बंदूक बघण्याआधी याची बोटं मोजतात आणि मासेमारीचा गळ घेऊन घरी जातात, अशी टॅडची तक्रार होती. मोजा ही टॅडचीच कल्पना.

एकतीस वर्षं व्हर्लिन या काउंटरमागे उभा होता. दुकान टॅडच्या सासऱ्याचं. म्हाताऱ्याचा एकच नियम होता: किंमत सांगण्याआधी मालाचे तीन दोष सांगायचे. केंटकीच्या त्या डोंगरातली माणसं पार खालच्या खोऱ्यातून इथे यायची ती त्या तीन दोषांसाठी. म्हातारा गेला, टॅड आला, आणि टॅडने बारा आखूड शॉटगन मागवल्या. कुणीतरी बंदूक आणि शिलाई मशीन एकाच खोक्यात घालून हलवावं, तशा दिसणाऱ्या. सगळी यंत्रणा दस्त्याच्या पोटात, चाप तिच्यापुढे, आणि नळी सुरू होते न होते तोच संपलेली.

तीन आठवड्यांत व्हर्लिनने त्यातली एकही विकली नव्हती. काल टॅडने सांगून टाकलं होतं, "उद्या पाचपर्यंत एक तरी गेली पाहिजे. नाहीतर सोमवारी येऊ नका."

आता सव्वाचार झाले होते. सकाळपासून व्हर्लिनने काउंटरची काच सात वेळा पुसली होती, आणि भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या हरणाचे डोळे दोनदा. सोमवारी कुठे जायचं हे त्याला सुचत नव्हतं. हरणालाही सुचत नसावं.

दारावरची घंटा वाजली आणि ऑर्फा टॅकेट आत आल्या. वय एकोणऐंशी. चर्चच्या रविवारच्या शाळेत त्यांनी व्हर्लिनला आणि त्याच्या वयाच्या सगळ्यांना देवाची भीती शिकवली होती.

"व्हर्लिन, पाठीत पोक काढून उभा राहू नकोस."

"नाही बाई." त्रेसष्ट वर्षांचा व्हर्लिन ताठ झाला.

"मला आखूड बंदूक हवी. अस्वल येतंय पायरीवर. परवा ह्यांची लांब बंदूक घेऊन घरातल्या बोळात वळले, तर नळी लागून भिंतीवरचा येशू खाली आला. अस्वल बघत होतं रे. लाज वाटली."

"आजी, तुमच्यासाठीच बनलीय ही!" टॅडने चपळाईने एक आखूड शॉटगन काचेवर ठेवली. व्हर्लिनने ती रिकामी असल्याची खात्री केली आणि बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती डाव्या खांद्याला लावली.

व्हर्लिनने घड्याळाकडे पाहिलं, मग टॅडकडे, मग परत घड्याळाकडे.

"डावऱ्या आहात, बाई."

"जन्मापासून."

"मग रिकामं काडतूस उजवीकडून उडणार, नेमकं तुमच्या गालावर. हा एक."

टॅड खोकला.

"दुसरं, काडतुसं भरायची ती काखेखाली. अस्वलासमोर काखेत चाचपडत बसाल. त्याला वाटेल, बाईंना खाज सुटली."

टॅडचा खोकला वाढला. बाईंनी बंदूक खाली ठेवली. "आणि तिसरा?"

व्हर्लिनने पुन्हा काच पुसायला घेतली.

"दोनच आहेत, आजी," टॅड म्हणाला. "सुधारलेलं मॉडेल आहे हे."

"तुला नाही विचारलं. व्हर्लिन, काच पुरे."

फडकं थांबलं. चार चाळीस. नुसतं 'दोनच' म्हटलं, की सोमवार आपला. व्हर्लिनने मोजा ओढून काढला.

"नळी संपते तिथे हात संपत नाही, बाई. धक्का बसला की पुढचा हात घसरतो. मागच्या अंगणात अशीच एक मी आणि म्हाताऱ्याने उडवून पाहिली होती. एकदाच."

बाईंनी त्याचा हात धरून दिव्याखाली नेला. "या बोटांवर तू दहा आज्ञा म्हणायचास. उजवा हात झाला, की डाव्याच्या करंगळीपासून पुढे. करंगळी सहावी." त्या मोजत गेल्या. "म्हणजे आठवी आणि नववी गेली. चोरी करू नकोस आणि खोटं बोलू नकोस."

"दुकानाला अडचणीच्या नेमक्या त्याच होत्या," व्हर्लिन म्हणाला.

टॅड हसला नाही.

"मग मी अस्वलाचं काय करू?"

"ते कशाला येतं?"

"मांजराचं खाणं ठेवते ना पायरीवर."

"ते आत ठेवा."

बाईंनी त्याचा हात सोडला. "बासष्ट साली कुणी तुला मठ्ठ म्हटलं होतं?"

"तुम्हीच, बाई."

"हं," म्हणून बाई निघाल्या. घंटा वाजली.

"काका," टॅड हळू आवाजात म्हणाला, "सोमवारी..."

"माहीत आहे."

व्हर्लिनने आखूड बंदूक फडताळात तिच्या अकरा बहिणींशेजारी लावली, फडताळाला कुलूप घातलं, किल्ली टॅडला दिली. हरणाचे डोळे तिसऱ्यांदा पुसले. मग कोट घालून बाहेर पडला.

मोजा काचेवरच राहिला. त्याची खऱ्या बोटांची जागा केव्हाच चपटी झाली होती. चिंध्यांची दोन तेवढी ताठ होती.