पारोसे देव

सौम्यानं काडेपेटी महादेवच्या हातात ठेवली आणि देवघराच्या उंबऱ्यापासून चार हात लांब जाऊन उभी राहिली.

"भावजी, दिवा तुम्हीच लावा. आम्हास्नी सुतक हाय. कालपासनं देव पारोसं ऱ्हायल्यात."

जयाबाईला काल दुपारी नदीकाठी पोचवून सगळे परतले होते. महादेवनं तिला खांदा दिला, तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. त्यानं रविराजकडे पाहिलं. रविराज म्हणजे जयाबाईचा पोटचा मुलगा, सौम्याचा नवरा. तो खांबाला टेकून बसला होता.

"मला न्हाय व्हय सुतक, अण्णा?"

रविराजनं मान वर केली नाही. उत्तर मारुतीआप्पांनी दिलं. ते जयाबाईचे दीर, भावकीतले वडीलधारे. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती आणि तीच जास्त बोचली.

"तुला कुठलं सुतक, लेकरा? सुतक रक्ताला असतंय. तू हाईस म्हणून बरं, न्हायतर दिव्यासाठी शेजाऱ्याच्या पाया पडाय लागलं असतं."

खानापूर तालुक्यातल्या त्या गावात महादेव कुणाचा, हे लपण्यासारखं नव्हतंच. रंग काळाभोर, केस दाट आणि बारीक कुरळे. हल्याळकडच्या रानातून ऊसतोडीला आलेली मूळच्या आफ्रिकेकडच्या सिद्दी लोकांतली एक बाई त्याला जन्म देऊन वारली, तेव्हा रविराजचं अंगावरचं दूध सुटायचं होतं. जयाबाईनं यालाही दुसऱ्या अंगावर पाजलं. पुढे बेळगावच्या बाजारात कुणी हिंदीत विचारलं, हा पोरगा कुठला, तर ती मराठीतच फटकन सांगायची, "माझ्या पोटातला." बोलायची खोटं, पण असं ठणकावून बोलायची की पुढे विचारायची कुणाची टाप नसे. आता ती नव्हती आणि खरं बोलायला सगळ्यांची तोंडं मोकळी झाली होती.

काडेपेटी तिथंच ठेवून निघून जावं, असं त्याला वाटलं. पण अंथरुणाला खिळल्यावरसुद्धा जयाबाई तिन्हीसांजेला पाणी मागायच्या आधी विचारायची, "दिवा लागला का रं?" तिच्या माघारी तिचे देव अंधारात ठेवणं त्याच्या जिवाला पटेना. सुतकात देवाला शिवलं तर देव बाटतो, हेही तिनंच शिकवलेलं. त्यानं काडी ओढली. दोन काड्या फुकट गेल्या, तिसरीनं वात धरली.

मग रोज संध्याकाळी दिवा तोच लावू लागला. एरवी मात्र त्यानं सगळं पाळलं. जमिनीवर झोपला, डोक्याला तेल लावलं नाही. बेळगावात तो एका शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता, तिकडे गेलाच नाही. सुतकाच्या घरात फोडणी पडत नाही, म्हणून सौम्या त्याच्यासाठी शेजारून फोडणीची आमटी मागवायची.

"तुम्हास्नी चालतंय की, भावजी."

"जात न्हाय, वैनी," म्हणून तो वाटी बाजूला सारायचा.

दहाव्या दिवशी मलप्रभेच्या काठावर भावकी डोई करायला बसली. आण्णाप्पा न्हावी एकेकाचं डोकं भिजवत, वस्तरा फिरवत पुढे सरकत होता. रविराजचं अर्धं डोकं झालं होतं. ओळीच्या शेवटी महादेव येऊन बसला, तसा आण्णाप्पाचा हात थांबला. त्यानं मारुतीआप्पांकडे पाहिलं.

"त्येचं ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले.

"आईसाठी डोई करतोय मी, आप्पा."

"खुळ्यागत करू नगंस. इतकं दिस देवाला दिवा कुणी लावला? तूच न्हवं? सुतक असतं तर देवाला हात लावला असतास व्हय?"

माणसं माना डोलावू लागली. मुद्दा बिनतोड होता. आईसाठी केलं तेच अंगाशी आलं, हे महादेवला कळलं. एक शब्द रविराज बोलला असता तरी पुरे होतं. रविराज पाण्याकडे बघत होता.

"सुतक व्हतं, आप्पा," महादेव म्हणाला. "सुतकातच लावलाय."

क्षणभर कुणाला अर्थच लागला नाही. मग आप्पा ताडकन उठले.

"आरं, देव बाटवलंस की रं!"

काठावर एकच गलका झाला. घरी जाऊन देवांना गोमूत्र शिंपडा, दिव्याची समई बाहेर काढा, भटजींना गाठा, असं जो तो दुसऱ्याला सांगू लागला. दोघे चपला न घालताच गावाकडे पळाले. आप्पा त्यांच्यामागून तरातरा चढण चढू लागले. अर्ध्या डोक्यानिशी रविराज उभा राहिला. रागानं त्याचे ओठ थरथरत होते.

"आईचं देव व्हतं त्ये! आता आमच्या घरात पाऊल टाकू नगंस."

एवढं सगळे बोलले, पण तुला कुठलं सुतक, असं आता कुणीच म्हणालं नाही.

महादेव मान खाली घालून तसाच बसून राहिला. आण्णाप्पानं चढणीवरच्या आप्पांच्या पाठीकडे एकदा पाहिलं. कुणाला काही विचारलं नाही. त्यानं नदीतून ओंजळभर पाणी घेतलं आणि महादेवच्या डोक्यावर ओतलं.