उम्म गायब

आमच्या मोहल्ल्याच्या जिममध्ये सगळं आहे, फक्त जे हवं असतं ते नेमकं तेव्हा चालू नसतं. ट्रेडमिल आहे, पण सरकारी वीज गेली की ती अशी गचकन थांबते की चालणारी बाई समोरच्या भिंतीला सलाम ठोकते. जनरेटरची वीज येईपर्यंत आमच्यातली सगळ्यांत म्हातारी, हज करून आलेली हज्जा बदरिया त्याच ट्रेडमिलवर उभी राहून जनरेटरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. सायकल आहे, तिला डावं पायडल नाही. गरम पाण्याचा शॉवरही आहे, एकच. वर्ग सुटला की त्याच्यासाठी जी धक्काबुक्की होते तोच आमचा खरा व्यायाम, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुपारपर्यंत जिम बायकांची. खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग फासलेला, दाराला जाड पडदा. आत आलं की अंगभर काळी अबाया खुंटीला आणि तोंड मोकळं. मोसूलच्या डाव्या तीरावर बायकांना मोठ्यानं हसता येईल अशी दुसरी जागा मला तरी ठाऊक नाही. डॉक्टरनं साखरेची भीती घातली म्हणून मी आले आणि हसण्यापायी राहिले. नाहीतर घरी आमचा पोरगा अनमार आहेच, दिवसभर फोनमध्ये डोकं खुपसून. त्याच्याशी बोलण्यापेक्षा ट्रेडमिलशी बोललेलं बरं.

शिकवायला कॅप्टन रुआ. शिकवणाऱ्याला कॅप्टनच म्हणायचं, मग तो फुटबॉलचा असो की ही माझ्या पुतणीच्या वयाची काटकुळी पोर. ती आम्हाला घाम फुटेस्तोवर नाचवायची आणि शेवटी चटईवर उताणं पाडायची. हात सैल, डोळे मिटलेले. "आता प्रेतासारखं पडून राहायचं," म्हणायची. हे आसन हिंदुस्थानातलं, तिनं फोनवर बघून शिकलेलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हज्जा पडल्या पडल्या ओरडली होती, "अगं कार्टे, तो दिवस येणारच आहे, त्याचा सराव कशाला?" आम्ही इतक्या हसलो की प्रेतं गदागदा हलायला लागली.

नजला आली ती वसंतात. पंचेचाळिशीची असेल. अबाया काढली तर आत पोपटी रंगाची पँट. आमच्याकडे या वयाच्या बायका काळ्याच्या नाहीतर तपकिरीच्या वर जात नाहीत, आणि जातात त्यांच्याकडे आम्ही बघून घेतो. मीही बघून घेतलं. हज्जानं बघितलं आणि विचारलंही, कारण विचारल्याशिवाय तिला अन्न पचत नाही.

"कुठली गं तू?"

"आधी नदीपलीकडे राहायचो. घर लढाईत पडलं. आता इथे भाड्यानं आहे."

"आणि कुणाची उम्म?"

हा प्रश्न आमच्यात पाणी विचारावं तसा विचारतात. मी उम्म अनमार, म्हणजे अनमारची आई, हज्जा उम्म साबित. बाई आपल्या थोरल्या पोराच्या नावानंच ओळखली जाते. नजलानं तोंड उघडलं, मिटलं आणि चटईच्या कडेची सुटलेली शिवण बोटानं दाबत बसली.

हज्जाला काय समजायचं ते ती समजली. आवाज एकदम मऊ करून म्हणाली, "असू दे, असू दे. अल्लाहच्या घरी देर असते. मग तू आमची उम्म गायब."

मूल नसलेल्या बाईला इथे असंच म्हणतात. नवऱ्याला अबू गायब, बायकोला उम्म गायब. अजून आलेला नाही त्याची आई. बाईला नुसत्या नावानं हाक मारायला नको म्हणून ही सोय. तरी ज्या बाईला हे नाव पडतं तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. नजलाचं उलट झालं. तिचे खांदे खाली आले.

"हो," ती म्हणाली. "तेच म्हणा."

तेव्हापासून हज्जानं तिला दत्तकच घेतलं. एका पायडलाची सायकल कुणी घ्यायचं नाही, ती नजलानं घेतली. डावा पाय लोंबकळत ठेवून उजव्यानं रेटत बसायची. शेजारी उभी राहून हज्जा तिला मधात कालवलेली कलौंजी भरवायची.

"गिळ. कडू लागली तरी गिळ. जकरिया नबींना हाडं पिचल्यावर मूल झालं, तू तर अजून सायकल मारतेस."

"हज्जा, तिला मूल हवंय, उंटासारखा चारा नका भरवू," मी म्हटलं.

"तू गप गं, साखरेचं पोतं!"

नजला हसायची आणि चमचा चाटून म्हणायची, "अल्लाह परत देईल." त्या 'परत'वर माझा कान अडखळायचा. पण बोलण्यात होतं माणसाचं, म्हणून मी सोडून द्यायची.

एकच गोष्ट ती करायची नाही. शेवटी सगळ्या उताण्या पडलो की ही गुडघे पोटाशी घेऊन बसून राहायची. रुआ म्हणायची, "खाला, पडा की, पाठीला बरं वाटेल." ही मान हलवायची. आम्ही डोळे मिटून पडलेल्या आणि ही एकटी आमच्यावर पहारा करत बसलेली.

उन्हाळा लागला तसा एके दिवशी आम्ही अशाच पडलेल्या असताना वीज गेली. संगीत बंद, पंखे बंद. कुणी शिवीसुद्धा दिली नाही, इतकं ते पडणं गोड लागलं होतं. तेवढ्यात पडद्यामागून हाक आली.

"उम्म दुरैद!"

कुणी ओ दिली नाही. पुन्हा हाक आली, या वेळी पडदा बाजूला करून. दारात एक काळ्या कपड्यातली बाई, धापा टाकत उभी.

हज्जानं एक डोळा उघडला. "चुकीच्या दारात आलीस, बाई. इथे कुणी उम्म दुरैद नाही."

ती बाई हज्जाकडे बघतसुद्धा नव्हती. ती नजलाकडे बघत होती. नजलाचा चेहरा पीठ फासल्यासारखा झाला होता.

"फोन उचलत नाहीस. दार उघडत नाहीस," ती बाई म्हणाली. नजलाची धाकटी बहीण इब्तिहाल, हे मागाहून कळलं. "आणि इथे येऊन नाचतेस? विहीर उघडलीये, नजला. वाळवंटातली, ज्यात काळ्या झेंडेवाल्यांनी उचललेल्या पोरांना मारून टाकलं होतं. हाडं वर काढतायत. दुरैदबरोबर कॉलेजातून नेलेल्या हारिसची ओळख पटली काल. दुरैदचा बाप राहिला नाही, आता ओळख जुळवायला रक्त तुझंच लागणार. तू दिलं नाहीस तर पोराला बिननावाचं पुरतील."

"माझा मुलगा विहिरीत नाही."

"मग कुठे आहे?"

"गायब आहे," नजला म्हणाली.

काळ्या झेंडेवाल्यांच्या काळात आमच्या शहरात कोण कुठून उचलला गेला याची मोजदाद नाही. प्रत्येक घरात एखादा आहेच, आणि म्हणूनच कुणी कुणाला विचारत नाही. पण ही बाई आमच्यात येऊन वांझ म्हणवून घेत होती, कलौंजी गिळत होती, आणि कॉलेजातून उचललेल्या एकोणीस वर्षांच्या पोराची आई होती. अनमारला त्या सकाळी मी 'मर तिकडे' म्हणून घराबाहेर पडले होते.

इब्तिहाल रडत निघून गेली. नजलानं अबाया चढवली आणि तीही गेली. हज्जा चटईवर बसून राहिली. तिला उठवायला दोघी लागल्या.

आता ही कसली यायला, असं आम्ही धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी ती आमच्या आधी सायकलवर होती. त्याच पोपटी पँटमध्ये. आम्ही सगळ्या एकदम गरीब गायी झालो. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "कशी आहेस, उम्म दुरैद?"

ती फाडकन म्हणाली, "इथे नाही!"

पायडल थांबलं. मग तीच खालच्या आवाजात बोलली. "काळं मी घालत नाही, का सांगू? घातलं की तो मेला. बहिणी, दीर, शेजारपाजार, सगळे माझ्याकडे असे बघतात जणू मीच त्याची कबर. इथे तुम्ही उम्म गायब म्हणता तेव्हा तो फक्त आलेला नसतो. यायचा असतो. मला तेवढं तरी राहू द्या."

हज्जा ट्रेडमिलचा दांडा धरून उभी होती. ती तिथूनच बोलली, आणि तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता.

"माझा भाऊ इराणच्या लढाईत गायब झाला. आईनं मरेपर्यंत दाराला आतून कडी लावू दिली नाही. त्याच्या वाटणीचा भात रोज बाजूला काढायची आणि सकाळी कोंबड्यांना घालायची. ती गेली, मग मी म्हातारी झाले. अजूनही नमाजानंतर हात वर केले की त्याच्यापाशी येऊन अडते. जिवंत असेल तर सलामतीची दुआ मागायची, मेला असेल तर फातिहा वाचायचा. मी काय वाचू, पोरी? इतकी वर्षं झाली, त्याच्यासाठी मी धड काही वाचलेलंच नाही."

नजला सायकल रेटत राहिली, एका पायानं, कितीतरी वेळ. मी ओला टॉवेल पिळत होते तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"उम्म अनमार, रक्त द्यायला उपाशीपोटी जावं लागतं का?"

मी तिच्याबरोबर गेले. रक्त घेणाऱ्यांचा तंबूच होता तो, बाहेर बायकांची रांग, सगळ्या काळ्यात आणि मधे हिची पोपटी पँट अबायातून डोकावत होती. नर्सनं नातं विचारलं. नजला म्हणाली, "आई." तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. सुई टोचली तेव्हा तिनं माझा हात इतका दाबला की माझ्या अंगठीचा वळ उठला.

"जुळलं नाही तर सांगाल ना?" तिनं विचारलं.

"जुळलं तरी सांगतो, नाही जुळलं तरी सांगतो, खाला," नर्स म्हणाली.

मग वाट बघणं. उन्हाळ्यात जिमचा एसी बिघडला, आम्ही वर्गणी काढून दुरुस्त केला, तो पुन्हा बिघडला. हज्जानं कलौंजी आणायचं बंद केलं होतं. मग नजलाच एकदा म्हणाली, "काय हज्जा, माझा मध संपला वाटतं?" आणि दुसऱ्या दिवसापासून बाटली पुन्हा आली. आम्ही तिला उम्म गायबच म्हणत होतो, मोठमोठ्यानं, जरा जास्तच वेळा. रुआनं 'प्रेत' हा शब्द टाकून दिला. आता ती नुसतं "आराम" म्हणायची. नजला बसूनच राहायची.

थंडी पडायला लागली होती. एका सकाळी जिमला निघाले तर नाक्यावरच्या भिंतीला मयताच्या बातमीचा काळा फलक लावलेला, नवा कोरा. मी चष्मा घरी विसरले होते. जवळ जाईपर्यंत मनात म्हणत होते, दुसऱ्या कुणाचा असू दे, अल्लाह, दुसऱ्या कुणाचाही असू दे. दुसऱ्या कुणाचा म्हणजे दुसऱ्या कुठल्या आईचा, एवढंही मला तेव्हा सुचलं नाही. पांढऱ्या अक्षरांत दुरैदचं नाव होतं.

मातमाला, शोकाच्या बैठकीला, आम्ही सगळ्या गेलो. जिमच्या बायका एकमेकींना रस्त्यातल्या अबायांत ओळखूसुद्धा येत नव्हत्या. कडू कॉफी फिरत होती, बोलावून आणलेली मुल्लाया उंच आवाजात शोकाची गाणी म्हणत होती, इब्तिहाल छाती बडवत होती. नजला कोपऱ्यात ताठ बसलेली. हज्जा गुडघे धरत तिच्यासमोर टेकली, तेव्हा तिनं हज्जाची बाही पकडली.

"आता वाचा," ती म्हणाली. "आता कळलंय ना काय वाचायचं."

हज्जानं फातिहा वाचला. वाचता वाचता तिचा आवाज फुटला. ती दुरैदसाठी वाचत होती की आपल्या भावासाठी, कोण सांगणार.

चाळिसावा दिवस झाल्यावर नजला परत आली. अबाया काढली. वर काळा सदरा, डोक्याला काळा रुमाल, खाली तीच पोपटी पँट. आम्ही सगळ्या यंत्रांशी उगाच खुडबुड करायला लागलो. हज्जाला ती दिसली आणि आनंदानं सवयीचं तोंड सुटलं, "अगं ये, उम्म गाय..." आणि तिनं जीभ चावली.

"उम्म दुरैद म्हणा, हज्जा," नजला म्हणाली. "तो आलाय आता."

वर्ग झाला. रुआनं आराम म्हटलं, आम्ही आडव्या झालो. मी डोळे मिटले नाहीत. नजला गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, नेहमीसारखी. मग तिनं एक एक पाय सरळ केला आणि पाठ टेकली. हात मात्र छातीवर घट्ट धरलेले.

"कॅप्टन," तिनं विचारलं, "हात कसे ठेवायचे?"

"सैल, खाला. बाजूला. तळवे वर."

नजला छताकडे बघत होती. "त्याचे बांधलेले होते," ती म्हणाली. "मागे. तारेनं."

रुआ तिच्या शेजारी बसली. तिनं नजलाचा एक हात उचलून हळूच चटईवर ठेवला, बोटं उघडली. मग दुसरा ठेवला. पलीकडून हज्जाचं हुंदके गिळणं ऐकू येत होतं. रुआ आम्हाला उठा म्हणायचं विसरली. शॉवरचं गरम पाणी निवून गेलं, पण तिकडे कुणी धावलं नाही.