शेठ जेवला का?

सरपटणाऱ्या जिवांचं आणि माझं पहिल्यापासून वाकडं. भिंतीवर पाल दिसली की मी स्वयंपाकघर सोडून देते आणि वहिनी येऊन तिला हुसकावेपर्यंत दाराबाहेर उभी राहते. तरी दोन वर्षं दर मंगळवारी तिकीट काढून मी साप, सरडे आणि घोरपडी बघायला जात होते. का जात होते ते सांगते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. फ्रेमच्या काड्या वाकवून कानावर नीट बसवायच्या, बुबुळांमधलं अंतर मोजायचं, ही माझी कामं. एकदा एक गृहस्थ आले. वय पंचेचाळिशीच्या आसपास, शर्टाच्या खिशात वीतभर लांब चिमटा आणि अंगाला ओल्या मातीचा वास.

"जवळचं दिसत नाही हो," ते म्हणाले. "सापाच्या अंगावरच्या गोचड्या काढायच्या म्हणजे पंचाईत होते."

जशी काही ही घरोघरची अडचण आहे! मी त्यांना समोर बसवलं. म्हटलं, "माझ्याकडे बघा, हलू नका." गिऱ्हाईक सहसा लगेच नजर चुकवतं. इतक्या जवळून अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघायला कुणालाही अवघडच वाटतं. हे मात्र अगदी शांत बघत राहिले. मी अंतर मोजलं, लिहून घेतलं आणि पुन्हा मोजलं. पुन्हा मोजायची काही गरज नव्हती.

आमच्याच रस्त्याच्या टोकाला, बंद पडलेल्या छापखान्याच्या तळमजल्यावर, त्यांचं ते साप-सरड्यांचं संग्रहालय होतं. मालक दुसराच कुणीतरी. तिकीट फाडण्यापासून घाण काढण्यापर्यंत सगळं हेच करायचे. वहिनी त्यांना 'सरडेवाले' म्हणायची, आणि म्हणताना माझ्याकडे तिरकं बघायची.

मंगळवारी आमचं दुकान बंद. त्या दिवशी तिथेही चिटपाखरू नसायचं, म्हणून मी मंगळवार धरला. पुढच्या खोलीत काचेच्या पेट्या आणि वर तापलेले दिवे. अजगर इतका निवांत, की दोन वर्षांत मी त्याने जागा बदललेली पाहिली, पण बदलताना कधी पाहिलं नाही. घोरपड काचेला नाक लावून माझ्याकडे टक लावायची. लग्नघरातल्या पाहुण्यांची आठवण यायची मला. कॅमेलिऑन नावाचा रंग बदलणारा सरडा एक डोळा माझ्यावर ठेवायचा आणि दुसरा समोरच्या नाकतोड्यावर. मागच्या अंगणात कासवं एकमेकांवर आपटत चालायची. वाट सोडायची पद्धत त्यांच्यात नसावी.

मी जीव मुठीत धरून पेटीपुढे उभी राहायचे आणि ते शेजारी उभे राहून सांगायचे.

"सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक कातडं असतं, काचेसारखं. म्हणजे जन्मजात चष्मा!"

आणि स्वतःच हसायचे. मीही हसायचे. मग तो एवढासा विनोद आठवडाभर पुरवून पुरवून वापरायचे. भाजी चिरताना आठवायचा, गिऱ्हाईक वाद घालत असताना आठवायचा.

मला काय हवं होतं? फार नाही. त्यांनी एकदा तरी विचारावं, की बाई, तुम्ही राहता कुठे, घरी कोण असतं, जेवता काय? अजगराने मागच्या महिन्यात काय खाल्लं हे त्यांना तोंडपाठ. मी मात्र त्यांच्या लेखी प्राण्यांवर जीव टाकणारी एक बाई होते. एकदा ते कौतुकाने म्हणाले, "तुमच्यासारखी आवड असलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही." रडू की हसू कळेना. घरी येऊन वहिनीवर उगाच भडकले.

मग एका मंगळवारी त्यांनी दारातच सांगितलं. दुसऱ्या शहरात मोठ्या प्राणिसंग्रहालयात त्यांना नोकरी लागली होती. पुढच्या आठवड्यात निघायचं होतं. शहर रात्रभराच्या प्रवासावर.

"छान झालं," मी म्हटलं. आज बोलायचंच, मी ठरवलं. आज नाही तर कधीच नाही.

"तुमच्याकडे एक मागायचं होतं," तेच म्हणाले.

ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे एका पेटीत शेठ होता. शेठ म्हणजे निळ्या जिभेचा सरडा. कोपरापासून मनगटापर्यंत लांब, पाय आखूड, पोट सुटलेलं. दिवसभर दिव्याखाली पसरून असायचा, म्हणून हे नाव. बाकीचे प्राणी मालकाचे, शेठ तेवढा त्यांचा स्वतःचा. नव्या खोलीवर प्राणी ठेवायला परवानगी नव्हती.

"दुसऱ्या कुणाला देववत नाही," ते म्हणाले. "हात पुढे करा."

मी हात पुढे केला. त्यांनी शेठला माझ्या तळहातावर ठेवलं आणि तो पडू नये म्हणून खालून माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. दोन वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते घडत होतं, फक्त वर सरडा होता. त्याने निळी जीभ काढून माझं मनगट चाटलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तरी हा हात कुणी सोडू नये असंही वाटत होतं. त्या अवस्थेत माणूस खरं कसं बोलणार?

"घेते," मी म्हटलं.

"पाल बघून किंचाळणारी बाई सरडा पाळतेय!" वहिनीने कपाळाला हात लावला. पण खिडकीजवळची ऊन येणारी जागा तिनेच मोकळी करून दिली. तापलेली भांडी उतरवायचे जाड मोजे घालून मी शेठला उचलायचे. उकडलेलं अंडं, पालेभाजी, पपईचे तुकडे असा त्याचा थाट होता. आमचं जेवण त्याच्यानंतर.

आणि दर मंगळवारी फोन यायचा.

"शेठ जेवला का?"

"जेवला."

"पोट साफ होतंय ना?"

"होतंय."

"वीस-वीस वर्षं जगतात हे," ते एकदा म्हणाले. बोलणं संपल्यावर मी कितीतरी वेळ फोन मांडीवर घेऊन बसले. वीस वर्षांचे मंगळवार! शेठकडे बघून मी पहिल्यांदा मनापासून हसले.

थंडी पडली आणि शेठने खाणं सोडलं. अंड्याला तोंड लावेना, पपईकडे बघेना. कोपऱ्यात पसरून राहायचा. खरं सांगते, माझा जीव शेठसाठी तुटत नव्हता. शेठ गेला तर फोनही जाईल, मग विचारायला उरेल काय, या धास्तीने मला घास जात नव्हता. मंगळवारी फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं.

"जेवत नाही. आठवडा झाला."

मग ते म्हणाले, "येतो मी. पत्ता सांगा."

रविवारी सकाळी ते दारात उभे. तोच चिमटा खिशात, तोच मी बसवलेला चष्मा. घाईघाईत मी मोजे चढवले आणि शेठला त्यांच्यापुढे आणून ठेवलं. ते शेठकडे न बघता माझ्या मोज्यांकडे बघत राहिले.

"हे कशाला?"

"घाबरते हो ती!" वहिनी मध्येच बोलली. "पालीलासुद्धा घाबरते. लहानपणापासून." एवढा बाँब टाकून ती चहा ठेवायला आत निघून गेली.

"मग दोन वर्षं दर मंगळवारी...?"

मला रागच आला. त्यांचा, वहिनीचा, सगळ्या जगाचा.

"तिकीट काढून येत होते, फुकट नाही," मी म्हटलं. "मला त्यातलं काही म्हणजे काही आवडत नव्हतं. तो अजगर नाही, ती घोरपड नाही. तुम्ही तिथे असायचात म्हणून यायचे. आता हसा."

ते हसले नाहीत. त्यांनी शेठला उलटसुलट करून पाहिलं, तोंड उघडून पाहिलं आणि सावकाश पेटीत ठेवलं.

"ठणठणीत आहे," ते म्हणाले. "थंडीत हे असंच करतात. महिना-महिना खात नाहीत."

"हे इथे आल्यावर कळलं तुम्हाला?"

"नाही. फोनवरच कळलं होतं."

आत वहिनीचा कप-बश्यांचा आवाज एकदम थांबला.

"मग आलात कशाला?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चष्मा सैल झालाय. सारखा घसरतो."

"तिकडे चष्म्याची दुकानं नाहीत?"

"आहेत की. मी राहतो त्याच इमारतीत खाली आहे एक."

चष्मा मुळीच सैल नव्हता. मी बसवलेला चष्मा सैल होईलच कसा? तरी मी ते जाड मोजे काढून ठेवले, पर्समधून छोटा पेचकस घेतला आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"माझ्याकडे बघा," मी म्हटलं. "हलू नका."

ते हलले नाहीत.