चंद्राचा भाग

एकोणतिसाव्या रोजाच्या दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी उस्ताद वग्दी हलवानी यांनी तिसावा भाग पहिल्यांदा ऐकला. हलवानी कैरोतल्या आमच्या रेडिओ केंद्राच्या नाट्य विभागाचे प्रमुख. त्या भागावर त्यांची सही होऊन आठ दिवस झाले होते.

मी तेव्हा त्यांच्या खोलीत होतो. आमच्या दैनिकाचे रेडिओचे पान मी सांभाळतो आणि मालिका संपली म्हणून चार ओळी घ्यायला गेलो होतो.  ध्वनिफीत संपल्यावर हलवानींनी यंत्र स्वतःच्या हाताने बंद केले आणि शिपायाला सांगितले, "सित्त इन्शिराहना बोलाव. असतील तशा."

इन्शिराह तराबुल्सी एकसष्ट वर्षांच्या आहेत. इफ्तारची तोफ झाल्यावर वीस मिनिटांनी जी पंधरा मिनिटांची मालिका लागते, ती अकरा रमजान त्यांनीच लिहिली आहे. यंदाची नायिका रतीबा. मन्सूरातल्या पिठाच्या गिरणीवाल्याची, शहातची, बायको. सोळाव्या भागात रतीबा शिवणयंत्र उचलून सकाळी सातच्या गाडीने निघून गेली आणि तिथून सगळे सुरू झाले.

शहात मारत नव्हता. त्याने दुसरी केली नव्हती. तो पीतही नव्हता. श्रोत्यांना राग आला तो याचाच. काही कारण असते तर त्यांनी रडून माफ केले असते. तीन दिवसांत पत्रांची चार पोती आली. केंद्राच्या फाटकासमोर झेनहुमकाका शिजलेल्या वालाचा हंडा लावतात, त्यांनी इन्शिराहना भर रस्त्यात अडवले.

"बाई, माझी बायको माझ्याशी बोलत नाहीये. तीन दिवस झाले."

"तुम्ही काय केलंत?"

"काहीच नाही! तेच तर तिला म्हणालो. तर म्हणते, शहातनेही काहीच केलं नव्हतं."

इन्शिराह तिथे उभ्या उभ्या हसल्या. हलवानींना ही गोष्ट कळली तेव्हा ते हसले नाहीत. विसाव्या रोजाला त्यांनी इन्शिराहना बोलावून घेतले. तिथे काय बोलणे झाले ते मी दोघांकडून वेगवेगळे ऐकले आहे आणि दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नाही.

"लोक रडतायत, सित्त इन्शिराह."

"उपाशीपोटी रडतायत? मग आवडलीय म्हणायची."

"त्यांना ती घरी हवी आहे."

"त्यांच्या घरी घेऊन जाऊ देत. मी कुठे अडवलंय?"

"थट्टा नको. तुम्ही लिहिता कोणासाठी? स्वतःसाठी लिहीत असाल तर वही घ्या आणि घरी बसा. इथे मायक्रोफोन आहे. त्याच्या पलीकडे माणसं बसलीयत, दिवसभराची उपाशी. त्यांना घास गोड लागला पाहिजे."

"घास गोड करायला जर्दाळूचं सरबत आहे."

हलवानी म्हणाले, एकोणतिसाव्या भागात रतीबा घरी आली नाही तर उद्यापासून मालिका दुसरा कोणीतरी लिहील. माणूस तयार आहे, शेजारच्या खोलीत बसलाय. इन्शिराहनी शेजारच्या खोलीच्या दाराकडे पाहिले. मग म्हणाल्या, "येईल. एकोणतिसाव्यात येईल."

इथे केंद्राचा एक जुना रिवाज सांगायला हवा. रमजान एकोणतीस दिवसांचा की तीस, हे एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसतो की नाही त्यावर ठरते. त्यामुळे गोष्ट एकोणतिसाव्या भागात संपलीच पाहिजे. तिसावा भाग जादा. चंद्र दिसला तर तो कपाटातच राहतो आणि रेडिओवर ईदची गाणी सुरू होतात. नाही दिसला तर एक दिवस भरून काढायला तो लावतात. त्यात कोणाचे तरी लग्न असते, बायका कहकचे, ईदच्या बिस्किटांचे, पीठ मळतात, सगळी पात्रे एकमेकांना शुभेच्छा देतात. केंद्रात त्याला चंद्राचा भाग म्हणतात. तो कोणी वाचत नाही.

एकविसाव्या रोजाला इन्शिराह शेवटचे दोन भाग लिहून घेऊन आल्या. मधले भाग रोज सकाळी येत राहतील असे म्हणाल्या. हलवानींनी एकोणतिसावा दोनदा वाचला. रतीबा दार वाजवते, शहात विचारतो "कोण?" आणि ती म्हणते "घरचीच." हलवानींनी चष्मा काढून डोळे पुसले. मग तिसाव्याचे पहिले पान न उलटता खाली सही केली.

"यंदा लग्न कोणाचं लावलंत?"

"कोणाचंच नाही."

हलवानींना तो विनोद वाटला. अकरा वर्षांत त्यांनी चंद्राचा एकही भाग वाचला नव्हता.

माझी चूक पुढची. पंचविसाव्या रोजाला मी माझ्या पानावर छापले की रतीबा घरी परतणार आणि इन्शिराह तराबुल्सी नमल्या. बातमी खरी होती. एकोणतिसावा भाग मी स्वतः वाचला होता. तिसावा मीही वाचला नव्हता, वीस वर्षे हेच काम करत असून.

गौप्यस्फोट झाला तो घोरण्यावरून. शहातचे काम करणारे बहगत अफंदी आज सकाळी तिसाव्या भागाच्या ध्वनिमुद्रणाला आले. त्यांना दरवर्षी चंद्राच्या भागात एक गाणे मिळते. यंदा त्यांच्या पानावर एकच शब्द होता. दुपारी ते हलवानींच्या खोलीत शिरले.

"उस्ताद, एकोणतीस दिवस मी या गिरणीवाल्यासाठी घसा फोडला. आणि शेवटी माझ्या वाट्याला काय? घोरणं!"

"घोरणं?"

"घोरणं. सहा मिनिटं. माझी आई ऐकते रेडिओ!"

म्हणून हलवानींनी त्यांना परत पाठवून ध्वनिफीत मागवली. तिसाव्या भागात पहाट आहे. शहात घोरतो आहे. रतीबा माठातले पाणी पिते. भांडे पालथे घालते. शिवणयंत्र उचलताना लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज येतो आणि घोरणे क्षणभर थांबते. ती थांबते. घोरणे पुन्हा सुरू होते. मग किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज, दार, पावले, दुरून सातच्या गाडीची शिटी. शेवटी संगीत नाही. सगळ्या भागात बोललेले एकच वाक्य आहे. दारात रतीबा हळूच म्हणते, "पीठ दळून ठेवलंय."

इन्शिराह आत आल्या आणि न विचारता खुर्चीवर बसल्या.

"हे काय आहे?" हलवानींनी विचारले.

"तिसावा भाग. सही तुमची आहे."

"तुम्ही मला शब्द दिला होता."

"एकोणतिसाव्याचा. तो पाळला. दार वाजवून आत आणली तिला, 'घरचीच' म्हणायला लावली. ते लिहिताना माझ्या तोंडाची चव गेली, पण लिहिलं. नाहीतर तुम्ही तिला त्या शेजारच्या पोराच्या हातात दिली असतीत आणि त्याने तिला जुळी मुलं करून दिली असती."

"मी हा भाग रद्द करतो."

"करा. लेखी आदेश लागतो. खाली कारण लिहायची जागा असते."

 हलवानी कारण म्हणून काय लिहिणार, ते आम्हा तिघांनाही कळत होते.

"लिहा की," इन्शिराह म्हणाल्या. "न वाचता सही केली म्हणून लिहा. साक्षीदार म्हणून मी सही करते. वाचून करीन."

हलवानी उठून खिडकीशी गेले. दोन दिवस वाळवंटातले खमसीनचे वारे आहे. धुळीत समोरच्या मशिदीचा मिनार अर्धाच दिसत होता. खाली दोन बायका कहकचे पत्रे डोक्यावर घेऊन बेकरीकडे चालल्या होत्या, वरून फडकी घट्ट बांधलेली.

"चंद्र दिसला तर हे सगळं बोलणं फुकट आहे," ते पाठमोरेच म्हणाले.

"मग दिसू दे."

"आणि दिसो न दिसो, पुढच्या रमजानला तुमचं टेबल दुसऱ्याचं. हे मी लेखी देऊ शकतो. त्याला कारण लागत नाही."

"टेबलाचा एक पाय हलतो. त्याला सांगा, खाली कागद घालायला." इन्शिराह उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "माझ्या पत्रांचा घालू नका म्हणावं. ती मी नेतेय."

मी त्यांच्यामागे जिन्यात गेलो. सत्ताविसाव्या रोजाला आलेले एक पत्र त्यांच्या पिशवीत होते, ते त्यांनी मला वाचायला दिले. दसूकहून एका बाईने लिहिलेले, नाव नाही. अक्षर शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाचे. मजकूर असा: "पेपरात वाचलं की रतीबाला परत आणणार. तुम्हाला ते लोक काय लिहायला लावतील ते मला ठाऊक होतंच. मी अठ्ठाविसावा भाग ऐकीन आणि रेडिओ बंद करून कपाटावर ठेवीन. तिला घरात शिरताना मी ऐकणार नाही. माझ्यापुरती ती गाडीतच आहे."

तो पेपर माझा होता. इन्शिराहना ते माहीत होते आणि त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मी म्हणालो, "म्हणजे चार पोती लोकांना तिसावा नको आहे. आणि जिला हवा होता तिने रेडिओ कपाटावर ठेवलाय."

"कालच ठेवला असणार."

"मग तिसावा कोणासाठी लिहिलात?"

"रतीबासाठी. तिला त्या घरात टाकून मला ईदचं कहक गिळलं नसतं."

"हे मी 'स्वतःसाठी लिहिला' असं छापू का?"

त्यांनी पत्राची घडी घातली, पिशवीत ठेवली. "स्वतःसाठी छापा, लोकांसाठी छापा, जे तुमच्या रकान्यात बसेल ते छापा. तुम्ही दोघं मला सारखं हेच विचारता, तुम्ही आणि वग्दी हलवानी. त्या शिवणयंत्राचं वजन किती असतं ते विचारलंत कधी? मी घरचं उचलून पाहिलं. अंगणापर्यंत नेलं. पाठ धरली चार दिवस. ते लिहिलं. बाकी मला काही माहीत नाही."

सहा वाजून बावीस मिनिटांनी तोफ झाली. फाटकाशी झेनहुमकाकांच्या हंड्याभोवती आम्ही बसलो, पहारेकरी, दोन ध्वनिमुद्रक, इन्शिराह आणि मी. खजूर, पाणी, वाल. सहा बेचाळीसला एकोणतिसावा भाग लागला. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून एकच आवाज येत होता. शहातने "कोण?" विचारले तेव्हा रस्त्यावर कोणी चमचाही हलवला नाही. "घरचीच" झाले आणि वरच्या मजल्यांवरून बायकांनी आनंदाचे चीत्कार काढले. इन्शिराह पोळीच्या तुकड्याने वाटी पुसत होत्या.

झेनहुमकाकांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांनी न मागता बाईंची वाटी पुन्हा भरली.

"बाई, तुमचे हात सलामत राहोत. आली एकदाची घरी!"

"आता बायको बोलली का?"

"बोलली. आत्ताच वरून ओरडली."

"काय म्हणाली?"

काकांनी डाव हंड्यात बुडवला. "म्हणाली, हा शेवट तुझ्यासारख्या कोणीतरी लिहिलाय."

इन्शिराहनी वाटी खाली ठेवली आणि मान वर करून त्या खिडक्यांकडे पाहत राहिल्या. तिथे कोणी दिसत नव्हते. "तिला सांगा, उद्याही ऐक म्हणावं."

"उद्या काय? लग्न ना?"

"ऐकू दे तर."

"आणि उद्या ईद असली तर?"

इन्शिराहनी आकाशाकडे पाहिले. पश्चिमेला आकाश मातकट पिवळे होते आणि त्यात चंद्र असला तरी कैरोतून तो कोणाला दिसला नसता.

आमची पहिली आवृत्ती साडेसातला छापायला जाते. सात वाजून पाच मिनिटांनी मी केंद्रात परत गेलो. तिसाव्या भागाची फीत सही केलेल्या कागदासह ड्यूटी अधिकाऱ्याच्या कपाटात आहे. शेजारी ईदच्या गाण्यांची फीत आहे. रद्द करण्याचा आदेश आलेला नाही. हलवानी त्यांच्या खोलीत दिवा न लावता बसले आहेत, समोर कोरा छापील अर्ज आहे, असे शिपायाने सांगितले. इन्शिराह फाटकाशीच आहेत.

सात अठराला मी ईद जाहीर करणाऱ्या मुफ्तींच्या कार्यालयात फोन केला. अस्वानहून नकार आला आहे. कैरोत धूळ. तोश्कामध्ये काही दिसले नाही. सोहागमध्ये एका माणसाने चंद्र पाहिल्याचे सांगितले आहे. तो एकटाच आहे. सात वाजून पंचवीस मिनिटांनी, मी ही ओळ लिहीत असताना, तो चंद्राच्या साक्षी तपासणाऱ्या समितीसमोर उभा आहे आणि त्याने नेमके कुठे पाहिले, हे त्याला दुसऱ्यांदा विचारले जात आहे.