फुकट दात काढणारी गाडी

दातांची गाडी आमच्या शाळेच्या पटांगणात येऊन थांबली, तेव्हा पहिला संशय तिच्या रंगावरून आला. ती फार स्वच्छ होती. खिंड ओलांडून आमच्या गावात आलेलं काहीच स्वच्छ राहत नाही. त्यामुळे ही गाडी दुसरीकडूनच कुठून तरी आली, असं शारिपाकाकूंचं म्हणणं पडलं.

"काकू, दुसरीकडून रस्ताच नाही," मी म्हटलं.

"तेच तर!" काकू म्हणाल्या.

दुसरा संशय म्हणजे ती फुकट होती. शहरातले डॉक्टर, खुर्ची, सुई, सगळं घेऊन एवढा घाट चढायचा, पोरांचे किडके दात काढायचे आणि एका सोमचीही फी न घेता परत जायचं? आमच्याकडे फुकट फक्त वारा मिळतो, आणि तोही मेंढ्या मारतो.

मी शाळेत कवायत शिकवतो, म्हणून रांग लावायचं काम माझ्याकडे आलं. रांग लागलीसुद्धा, पण पालकांची, कुंपणाला टेकून. पोरांना त्यांनी मागे दडवलं होतं.

माझी अडचण अशी की, बिश्केकला कामाला असलेल्या माझ्या बहिणीचा, बुरुलताईचा, सकाळीच फोन आला होता. "इल्यास, आज सेझिमची दाढ निघाली नाही तर मला तोंड दाखवू नकोस." सेझिम तिची मुलगी, वय नऊ. ती आमच्याकडे, म्हणजे मी आणि माझे वडील, आबा, यांच्याकडे राहते. तिच्या दुधाच्या दाढेत पू झाला होता आणि गाल पिठाच्या तळलेल्या बोरसोकसारखा टम्म फुगला होता. आठवडाभर ती चहात बुडवलेल्या रोटीवर होती. गाडी संध्याकाळी खिंडीपलीकडे जाणार होती, आणि परत येणार ती पुढच्या वर्षी.

आणि कुंपणापाशी सगळ्यांच्या पुढे, स्टुलावर, शेजारी कुत्रा घेऊन आबा बसले होते.

"पोरांना विचारतात, घरी आजी-आजोबांचे दात कसे आहेत," आबा म्हणाले. "का रे? त्यांना काय करायचंय?"

"आबा, दात किडण्याचं घराण्यात असतं म्हणून..."

"सोनं कुठल्या घरात आहे ते बघतायत." आणि त्यांनी तोंड मिटलं. आबांच्या दातांवर तेव्हा सोन्याच्या दोन टोप्या होत्या, म्हणून ते त्या दिवशी एकूणच कमी बोलत होते.

तरी खरा घोळ केला तो गाडीच्या ड्रायव्हरने, तुर्गुनने. कुणीतरी विचारलं, काढलेल्या दातांचं काय करता? तो बिचारा सरळ म्हणाला, "पिवळ्या डब्यात टाकतो आणि शहरात नेऊन जाळतो."

आयांनी पोरांना आणखी मागे ओढलं. आमच्याकडे पोराचा दुधाचा दात मेंढीच्या चरबीत गुंडाळून कुत्र्याला घालतात. मग नवा दात कुत्र्यासारखा मजबूत येतो. जाळला तर काय उगवतं, हे आजवर कुणी करून पाहिलेलं नाही.

"कोळसा उगवत असेल," शारिपाकाकू म्हणाल्या.

डॉक्टर जीपार गाडीच्या दारात आल्या. बारीकशा, दमलेल्या. "नियम आहे आजोबा. काढलेला दात कुणाच्या हातात द्यायचा नाही."

"कुत्र्याला हात नसतात," आबा म्हणाले.

डॉक्टर बराच वेळ आमच्या अक्तोशकडे बघत राहिल्या. "कुत्र्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "ठीक आहे. मी स्वतः घालीन त्याला. पण चला आता, पोरीचा गाल बघा जरा!"

"थांबा. आधी माझा कुत्रा तुमच्या हातचं खातो का ते बघू. माणूस फसतो, अक्तोश नाही फसत."

तुर्गुनने रोटीत चरबी गुंडाळून पुढे धरली. अक्तोशने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"बघा!" कुंपण एकसुरात म्हणालं.

"आबा, परक्याच्या हातचं खायचं नाही हे तुम्हीच शिकवलंय त्याला. काठी घेऊन. अख्खा हिवाळा."

"मी माणसांबद्दल शिकवलं होतं. ड्रायव्हरबद्दल नाही."

तुर्गुनने गुडघ्यावर बसून घास धरला, उभं राहून धरला, लाडात येऊन "ये रे बाळा" म्हणून धरला. सगळं गाव कुत्र्याच्या तोंडाकडे बघत होतं. डॉक्टर माझ्या कानाशी आल्या.

"मास्तर, हा पू जबड्यात उतरला तर शहरात ऑपरेशन करावं लागेल. मामा ना तुम्ही? घेऊ का आत?"

मी चोवीस वर्षांचा आहे, गळ्यात शिट्टी आहे, आणि वडिलांना घाबरतो. सेझिमने माझा अंगठा धरला होता. तिचा हात गरम लागला.

"दुखेल?" तिने विचारलं.

"हो, थोडं."

"आबांना सांगशील?"

"आत्ता नाही."

"मग जाते." आणि ती पायऱ्या चढून गेलीसुद्धा.

इकडे आबांचा धीर सुटला होता. "बावळटा, असं खायचं असतं!" त्यांनी घास तुर्गुनच्या हातून ओढून घेतला, कुत्र्याला दाखवत त्याचा मोठा लचका तोडला आणि उरलेला पुढे धरला. मालकाच्या हातचा म्हटल्यावर अक्तोशने तो एका दमात गिळला.

आबांनी तोंडात जीभ फिरवली. मग दुसऱ्या बाजूला फिरवली.

"टोपी," ते म्हणाले.

तुर्गुनने टोपी काढून छातीशी धरली. "आजोबा, आमच्या गाडीत फक्त शाळेतल्या पोरांचंच बघतात हो."

तेवढ्यात सेझिम खाली उतरली. ओठ एका बाजूला लोंबलेला, तोंडात कापसाचा बोळा. मागे डॉक्टर, त्यांच्या चिमट्यात दाढ.

"कुणी पाठवलं हिला आत?" आबा ओरडले.

मला "मी" म्हणायचं होतं. घाबरून तोंडात शिट्टी गेली आणि ती वाजली.

आता, शिट्टी वाजली की रांग, हे मी पोरांना वर्षभर शिकवलंय. पालकांच्या मागून, कुंपणाखालून, झाडावरून पोरं निघाली आणि गाडीसमोर उंचीप्रमाणे उभी राहिली. आया त्यांना हात धरून ओढत होत्या. पोरं हलली नाहीत. माझ्या शिकवण्याचा असा परिणाम मी प्रथमच पाहिला.

आबांनी सेझिमची हनुवटी धरली, गाल दाबून पाहिला. "दुखतंय?"

"नाई," ती बोळ्यातून म्हणाली. "भूक लागलीये."

आबांनी चरबीचा गोळा करून डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टरांनी दाढ त्यात खुपसली, आणि अक्तोश आता कुणाच्याही हातचं खायला तयार होता. संध्याकाळपर्यंत गावातली बाकीची कुत्रीही गाडीमागे येऊन बसली. त्यांना शिट्टी लागली नाही.

पुढे कितीतरी दिवस आबा फावडं घेऊन अक्तोशच्या मागे हिंडत होते. सोन्याची टोपी काही बाहेर पडली नाही.

सेझिम आता वाळवलेल्या दह्याचं दगडासारखं कुरुत कडाकडा फोडते. यंदा तिच्या हिरडीतून नवी दाढ डोकावली. तेव्हापासून रोज सकाळी आबा तिला दारात, उन्हाकडे तोंड करून उभी करतात, आ करायला लावतात आणि बराच वेळ आत बघतात.

"अजून पांढरीच आहे," ते म्हणतात, आणि अक्तोशकडे वळून बघतात.