गोधड्यांची तार

साळूला तारेची भीती वाटायची, आणि त्यावरून सगळी चौथी तिला हसायची. तार म्हणजे विजेची तार. मिरजगावापासून कोसभर आत असलेल्या या वाडीत खांब आले, खांबांवर तारा आल्या, पण वीज काही आली नाही. दर दिवाळीच्या तोंडावर वीज येणार म्हणून दवंडी व्हायची आणि दिवाळी कंदिलाच्या उजेडातच पार पडायची. शेवटी लोकांनी विजेचा नाद सोडला आणि तारांचा उपयोग आपणच शोधून काढला.

साळूचा बाप गहिनीनाथ वाडीबाहेर वस्तीवर राहायचा. त्याच्या विहिरीकडे गेलेला शेवटचा खांब काळ्या मातीत असा कलला होता, की त्याच्या दोन्ही तारांना झोळ पडला होता. दगडावर उभं राहिलं तर पोरासोराचाही हात पोचावा. साळूच्या आईने, रतनबाईने, त्यांच्यावर धुणं वाळत घालायला सुरुवात केली. इतकी लांबलचक वलणी आयती मिळाल्यावर कोण सोडील? सगळ्या घरात एकटी साळू त्या तारांना शिवायची नाही. श्रीगोंद्याकडे एक बैल तारेला चिकटून मेला, असं तिच्या मामाने कधीतरी सांगितलं होतं. ती आपलं परकर-पोलकं बोरीच्या झुडपावर टाकायची आणि काटे काढत बसायची.

साळू तारेला भिते, हे अंबिकाबाईंना वर्गातल्या पोरांकडूनच कळलं. नेवाशाहून आलेली ही तरुण मास्तरीण, पहिलीच नोकरी. तिला भीतीचा भारी राग होता. पोरं चिंचेखालून जायला भीत, तर ती मुद्दाम चिंचेखाली वर्ग भरवी. अवसेला पोरं शाळेत येईनात, तर घरोघर जाऊन घेऊन येई. भीती म्हणजे अडाणीपणा, आणि तो घालवायला आपण आलोय, यावर तिचा पक्का विश्वास होता. विश्वास चांगलाच होता. त्यात एक भोक आहे, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

एकाहत्तर सालचा भाद्रपद सरत आला होता. चौथीला ऊर्जेचा धडा चालू होता आणि अंबिका तो फळ्यावर शिकवायला तयार नव्हती. तिने तळहात चोळायला लावले, गरम झालेले हात पोरांनी एकमेकांच्या गालाला लावून पाहिले. तिने तीन दगडांची चूल मांडली, डब्यात पाणी उकळलं, वाफेने झाकण उडालं तेव्हा पोरं किंचाळली आणि मग पुन्हा उडवा म्हणून मागे लागली. वाफेवर कागदाचं चक्र फिरलं. "ऊर्जा म्हंजी काम करायची ताकद," असं गोरक्ष नावाचं एक दांडगं पोर गुरं वळताना म्हशीला सांगत होतं म्हणे.

त्या दिवशी सकाळी तिने बॅटरीचे दोन सेल, तार आणि छोटा दिवा आणला. दिवा लागला तेव्हा सगळे पुढे सरकले. साळू मागे सरकली, भिंतीला पाठ लागेपर्यंत.

"साळू, इकडे ये."

"नगं बाई. त्यात करंट हाय."

वर्ग हसला. अंबिकाला पोरांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा साळूचाही आला. तिने सगळ्यांना गोल उभं केलं, हातात हात धरायला लावले. गोलाच्या एका टोकाला तार स्वतः धरली, आणि दुसऱ्या टोकाची उघडी तार साळूच्या पुढे केली.

"मी धरलीय ना? मला काही झालं? धर."

साळूने डोळे गच्च मिटले. तिची हनुवटी थरथरत होती. तिने तार चिमटीत धरली, आणि काही झालं नाही. एक डोळा उघडला. तरीही काही झालं नाही. मग तिच्या तोंडावर जे हसू आलं, ते पाहून अंबिकाला वाटलं, आपला पगार आज खरा झाला.

"पाहिलंस? तारेला भ्यायचं नाही. काही होत नाही."

सेलमधली वीज इवलीशी, खांबावरची जीव घेणारी, हा धड्याचा पुढचा भाग होता. तो ती सांगणारच होती. पण मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं भाकरीच्या फडक्यांकडे धावली, आणि तिने मनाशी म्हटलं, उद्या सांगू. घाई कसली होती? खांबावरच्या तारेत वीज होती कुठे?

सुट्टी संपून वर्ग पुन्हा बसला, तेव्हा छगन वायरमन सायकल भिंतीला लावून पाणी प्यायला आत आला. घामाने भिजलेला, पण भलताच खुशीत होता.

"बाई, पोरास्नी सांगा, आज येतीया लाईट. खरीच. सायेब मिरजगावला बसल्यात. तितनं खटका दाबला की आली इथवर."

"आज? कधी?"

"आत्ताच की. च्या पिऊन हुईस्तवर."

अंबिकाने टाळी वाजवली. धड्याला इतका चांगला शेवट तिला मागूनही मिळाला नसता. "ऐकलंत का रे? आज आपल्या वाडीत वीज येणार!" पोरांनी गलका केला. त्या गलक्यात गोरक्ष उभा राहिला. त्याच्या तोंडावर मात्र आनंद नव्हता.

"बाई, साळूच्या तारंवर गोधड्या हायत."

"काय?"

"गोधड्या. घट बसायच्या आधी समद्या घरातल्या धुत्यात न्हवं का. साळूच्या घरी आज धुनं हाय. सुट्टीत घरी पळताना मला म्हनली, आज मीच घालनार तारंवर. म्हनली, मी आता भेत न्हाई."

अंबिकाने वर्गाकडे पाहिलं. साळूची जागा रिकामी होती. ती रिकामी आहे हे सुट्टीनंतर तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. हातातला खडू कधी पडला, ते तिला कळलं नाही.

छगनचा चेहरा उतरला. "तारंवर गोधड्या? ओल्या? अहो, दवंडी दिली हुती की आमी!"

"दवंडी तुम्ही दरसाल देता!" अंबिका ओरडली. "थांबवा! सांगा त्यांना!"

"कसं सांगू? फोन न्हाई, काय न्हाई." त्याने सायकल ओढली. "डीपी तिकडं वढ्याच्या पल्याड हाय. मी जाऊन फ्यूज उपसतो. तुमी वस्तीवर पळा बाई. शिवू नका म्हनावं कुनी!"

तो एकीकडे गेला आणि अंबिका दुसरीकडे. वर्गाला काही सांगायचं तिला सुचलंच नाही.

बाजरीच्या दोन रानांमधून वस्तीची पायवाट जायची. अंबिकाने चप्पल काढून हातात घेतली, मग फेकून दिली. लुगड्याचा काचा मारायची तिला सवय नव्हती. निऱ्या एका मुठीत धरून ती धावत होती आणि कणसं तोंडावर आपटत होती. डोक्यावरून त्याच तारा चालल्या होत्या. ती धावत होती त्याच दिशेला, तिच्याबरोबर. तिने वर पाहायचं नाही असं ठरवलं आणि दर चार पावलांनी वर पाहिलं. तारा जशाच्या तशा. वीज आली तर दिसते का? आवाज येतो का? दोन सेलांवर अख्खा धडा शिकवणाऱ्या बाईला एवढंही सांगता आलं नसतं. आत्ता या क्षणी त्या तारेतून मरण पुढे निघून गेलं असेल आणि आपण मागून धावत असू, या विचाराने तिच्या घशातून कसलातरी आवाज निघाला. तिचा तिलाच तो ओळखू आला नाही.

धर, आपणच म्हणालो. मला काही झालं का, आपणच म्हणालो. पोरगी घाबरत होती. बरोबर घाबरत होती! एवढ्या वाडीत शहाणी तीच एकटी होती, आणि आपण तिला सगळ्यांसारखं करून ठेवलं.

बाजरी संपली. पुढे विहिरीचा पाट होता, पाटापलीकडे कललेला खांब. तारांवर रंगीबेरंगी गोधड्या ओळीने लोंबत होत्या आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं. रतनबाई दगडी डोणीपाशी वाकून आणखी एक गोधडी बडवत होती. आणि साळू एका दगडावर चढून उभी होती, खांद्यावर ओली गोधडी, नखशिखांत भिजलेली.

"साळू! तारेला हात लावू नकोस!"

साळूने वळून पाहिलं. बाई आल्या! आपल्या वस्तीवर, आपल्याला बघायला! तिचं तोंड फुललं. बाई काय ओरडल्या ते वाऱ्यावर अर्धं गेलं असावं, किंवा ऐकूनही तिला खरं वाटलं नसावं. ज्या बाईंनी सकाळी हातात तार दिली, त्या दुपारी नको कशाला म्हणतील?

"बाई, मी भेत न्हाई आता! ह्ये बघा!"

तिने ओला हात वर केला. बोटं तारेकडे निघाली.

पाट मध्ये होता. पाट ओलांडून पोचायला वेळ नव्हता. वीज वाईट, वीज मारते, असलं काही ओरडून उपयोग नव्हता. ते अंबिकाने स्वतःच सकाळी खोडून काढलं होतं. तेव्हा शिकल्यासवरल्या बाईच्या तोंडून, तिने न ठरवता, जे निघायचं ते निघालं.

"साप! साळू, साप! दगडाखाली साप!"

साळू किंचाळली. खांद्यावरची गोधडी झटक्यासरशी दोन्ही तारांवर आडवी पडली, अर्धी लोंबत राहिली, आणि पोरगी दगडावरून उडी टाकून जी पळत सुटली ती थेट पाटात, अंबिकाच्या अंगावर. अंबिका तिला घेऊन चिखलात बसली. तिने साळूचे दोन्ही हात आपल्या मुठीत असे दाबून धरले, की पोरगी कळवळली.

"कुठं हाय साप? कुठं हाय?" रतनबाई बडवणं उगारून आली.

"साप नाही," अंबिकाला धड श्वास घेता येत नव्हता. "रतनबाई, तारेपाशी जाऊ नका. आज वीज..."

तेवढ्यात आवाज आला. आधी भुंग्यासारखा, मग तडतड. दोन तारांवर आडव्या पडलेल्या त्या शेवटच्या गोधडीतून वाफ निघाली, मग धूर निघाला. विहिरीवरच्या खोलीत, कधीकाळी हौसेने लावलेला दिवा भर उन्हात लागला होता.

"अगं बया, माझी गोधडी!" रतनबाई म्हणाली आणि पुढे निघाली. संसारी बाईला धूर दिसला की ती आधी वस्तू ओढते. अंबिकाने साळूला सोडून तिच्या कमरेला मिठी मारली. दोघी पडल्या.

"मराल! अहो, मराल!"

रतनबाईने धुराकडे पाहिलं, मग पोरीकडे. मग तिला कळलं. ती हळूच म्हणाली, "आजवर शिवत न्हवती बाई ती तारंला. आजच म्हनली, आये, मीच घालते, आमच्या बाईंनी माझं भ्या घालिवलं. मला लई बरं वाटलं हुतं."

अंबिकाला रडू फुटलं. पण रडायलाही तिला सवड मिळाली नाही, कारण मागून बाजरीतून गलका येत होता. चौथीचा सगळा वर्ग तिच्यामागे धावत आला होता. बाई पळाल्या म्हटल्यावर पोरं कशाला बसतात? गोरक्ष सगळ्यांच्या पुढे होता. त्यांना धूर निघणारी गोधडी दिसली, भर दिवसा लागलेला दिवा दिसला, आणि सगळी चौथी हरखली.

"आली! लाईट आली! बाई, आमी बी हात लावनार!"

सकाळी गोलात हात धरून उभी होती तीच पोरं. एकाच्याही तोंडावर भीतीचा मागमूस नव्हता. अंबिकाने थांबा म्हणायला तोंड उघडलं, पण सकाळी भ्यायचं नाही असं शिकवलेल्या पोरांना आता काय सांगून थांबवावं, ते तिला सुचेना. ती तशीच चिखलात बसून पाहत राहिली. पोरं पाटाच्या कडेला आली, गोरक्षाने उडी मारायला पाटाचं पाणी नजरेने मापलं.

साळू उठली. चिखलाने माखलेली ती पोरगी पाटाच्या पलीकडच्या कडेला जाऊन पोरांसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. थरथर कापत होती, दातावर दात आपटत होते, आणि तशातच ती ओरडली.

"भ्या रं! गोरख्या, मागं हो! समद्यांनी भ्या!"

एरवी याच साळूला सगळे हसायचे. आज कुणी हसलं नाही. तिचा चेहरा पाहूनच पुढची पोरं जागच्या जागी थबकली आणि मागची त्यांच्यावर येऊन आदळली. गोरक्षाने उचललेला पाय खाली ठेवला.

"बाई, खरंच भ्यायचं?" त्याने विचारलं.

"हो," अंबिका म्हणाली. "हिच्यासारखं भ्यायचं. सकाळी मी अर्धंच सांगितलं होतं रे. अर्धं राहिलं होतं."

मग कधीतरी तडतड थांबली. खोलीतला दिवा विझला. ओढ्यापलीकडे छगनने फ्यूज काढला असणार. गोधडीचा धूर वाऱ्यावर विरत गेला आणि तारा पुन्हा पहिल्यासारख्या मुकाट लोंबू लागल्या. पोरं ओळीने पाटाच्या अलीकडे उभी होती आणि साळू त्यांच्यापुढे, हात पसरलेली. आता शिवलं तरी चालेल, असं अंबिकाने त्यांना सांगितलं नाही. ती उठली, आणि जाऊन साळूच्या शेजारी हात पसरून उभी राहिली.