काळ्याला दिलेली रॅम

काळ्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याच भरवशावर मी त्याच्या तोंडावर खोटं बोलले.

तलासरी नाक्यावर आमचं दुकान होतं, माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं. लग्नसराईत संदीप शूटिंग करायचा आणि मी मिक्सिंग. एरवी आम्ही मोबाइलच्या चिपमध्ये गाणी भरून द्यायचो. अच्छाडचे ट्रकवाले, पाड्यावरची पोरं, सगळे नखाएवढी चिप चिमटीत धरून यायचे. चिप काढली की गाणी गेली, घातली की आली. काळ्याची अक्कल तिथंच संपत होती. तो आमचं नेहमीचं गिऱ्हाईक होता.

२०१६च्या उन्हाळ्यात एका हळदीच्या नाचात त्याने रघ्याला कोयत्याने कापलं. रघ्याने त्याचा मुरमाचा ट्रॅक्टर आपल्या भातशेतीतून जाऊ दिला नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. अख्खा पाडा तिथं नाचत होता, आणि पोलिस आले तेव्हा अख्ख्या पाड्याने काहीच पाहिलेलं नव्हतं. डीजेच्या आवाजात किंकाळी ऐकू आली नाही म्हणे! मला अजून संताप येतो. संदीपचा कॅमेरा मात्र चालू होता. तोही पोलिसांसमोर घाबरून गप्प बसला, पण दुकानात आल्यावर त्याने सगळं माझ्यापुढे लावलं.

आमच्याकडे कॅमेऱ्याचं कार्ड एकच. शूटिंग मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये, उतरवायचं आणि पुढच्या लग्नासाठी कार्ड पुसून ठेवायचं, ही आमची पद्धत. दुसऱ्या दिवशी नरपडला लग्न होतं. संदीपने सवयीने कार्ड पुसलं आणि मग डोक्याला हात लावला. रघ्याचा खून आता फक्त आमच्या मशीनमध्ये होता.

रघ्याच्या बायकोला, जिवलीला, संदीपने बाजारात गाठून सांगितलं, "वहिनी, उद्या ये. पेनड्राइव्ह देतो, पोलिसांत दे." बाजारात ऐकणारे कमी नसतात. जिवली यायच्या आत, भर दुपारी, काळ्या दोन माणसं घेऊन आला.

त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. बोलणंबिलणं नाही. संदीपला केसांना धरून खुर्चीवरून ओढला, ट्रायपॉडनेच बडवला. नाकातोंडातून रक्त आलं तशी मी ओरडले. एकाने माझं तोंड दाबलं, मी त्याला कडकडून चावले. त्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं.

"चिप कुठंय?" काळ्याने विचारलं. "ज्याच्यात माझं पिक्चर हाय ती चिप काढ."

मी संदीपकडे पाहिलं. तेवढ्यात त्याने संदीपचा उजवा हात काउंटरवर ठेवला आणि कोयत्याच्या मुठीने दोन बोटं ठेचली. तो आवाज मला लिहिता येत नाही.

"काढते," मी म्हणाले.

मी मशीनची वायर उपसली आणि डब्याचं झाकण उघडलं. आत खाली हार्ड डिस्क होती, लोखंडी विटेसारखी. रघ्या तिच्यात होता. वर रॅमची हिरवी पट्टी होती, तिच्यावर काळ्या चिपा ओळीने बसवलेल्या. रॅम म्हणजे धान्य पाखडायचं सूप. काम चालू असेपर्यंत सगळं त्यात घेतलेलं असतं, वीज गेली की सूप रिकामं. हार्ड डिस्क म्हणजे कणगी, भरलेलं आत राहतं. मी वायर उपसली तेव्हाच ती पट्टी कोरी झाली होती. हे मला ठाऊक होतं, संदीपला ठाऊक होतं. त्याने रक्ताळलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी पट्टी काढून काळ्याच्या हातावर ठेवली.

"एवढी मोठी?"

"लग्नाचा व्हिडिओ आहे. मोठीच लागणार."

"मशीन लाव परत."

मी वायर जोडून बटण दाबलं. रॅमवाचून मशीन नुसतंच टूं टूं करत राहिलं, पडदा काळाच. काळ्या खूश झाला. पट्टी काउंटरवर ठेवून त्याने कोयत्याने तिचे तुकडे तुकडे केले. मला वाटलं, सुटलो.

तो शटरपर्यंत गेला आणि थांबला.

"मशीनमधलं गेलं," तो म्हणाला. "याच्या टाळक्यातलं राहिलं की."

त्याने कोयत्याची उलटी बाजू संदीपच्या डोक्यात घातली. मी मधे पडले तेव्हा माझे दात पडले. तरी त्याने आणखी एकदा घातली.

डहाणूला डॉक्टरांनी संदीपला वाचवलं. मी सुजलेल्या तोंडाने दुकानात परत आले, गाणी भरायच्या दुसऱ्या मशीनची रॅम काढून या मशीनला लावली आणि जिवलीला व्हिडिओ दाखवला. ती पापणी न हलवता पाहत राहिली. मग म्हणाली, "बाय, आता त्याला सोडू नको." आम्ही व्हिडिओ पोलिसांत दिला आणि तीन दिवसांत काळ्या आत गेला.

लोक म्हणतात, खरी डिस्क दिली असतीस तर भाऊ धड राहिला असता. म्हणणाऱ्यांना मी तोंडावर शिव्या देते. हेच लोक त्या हळदीत नाचत होते. डिस्क मिळाली असती तरी काळ्याने डोकं फोडलंच असतं. फोडलं असतंच.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. सरकारी वकील म्हणाले, ज्याने शूटिंग केलं त्याने कोर्टात सांगायला हवं, की हे मी काढलं. संदीपला लहानपणचं सगळं आठवतं. आगरच्या किनाऱ्यावर मला खेकडा चावला होता, तेसुद्धा. तो उन्हाळा मात्र त्याच्यात नाही. पाहून कदाचित आठवेल, म्हणून वकिलांच्या टेबलावर मी त्याला व्हिडिओ लावून दिला.

तो वाकडी बोटं मांडीवर ठेवून पाहत होता. कोयता वर गेला, रघ्या पडला, चित्र गदगदा हललं. संदीपने कपाळाला आठ्या घातल्या आणि तो माझ्याकडे वळला.

"ताई, कोणी काढलंय हे? हात किती हलतोय बघ त्याचा. असल्याला कामावर ठेवू नको."